रंगरुटांची पलटण

बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या संग्रहालयात आपण पदकांपाशी थबकतो. यशवंत घाडगे, नामदेव जाधव हे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी आपल्याला पाठ आहेत. रंगरूट घडवणारे उस्ताद मात्र सहसा आठवत नाहीत. ११४ वी मराठा पलटण १९१८ मध्ये मेसोपोटेमियात शरकतला लढली. १९२२ च्या फेररचनेत तिचा जुना क्रमांक गेला, ती १०/५ मराठा झाली आणि तिच्याकडे काम आले ते बेळगावात रंगरूट तयार करण्याचे. लढलेली पलटण मास्तर झाली! तेव्हापासून साताऱ्या-कोल्हापूरकडची पोरे इथे येतात, कवायत शिकतात, कसम परेड करून आपापल्या पलटणीत जातात. कॅम्पाजवळच्या आपल्या घरांतून पहाटे ऐकू येणारा बुटांचा ठेका त्यांचाच.