संस्थेसाठी मागण्याची विद्या

सार्वजनिक संस्थांचे इतिहास लिहिताना संस्थापकांची ध्येये, इमारतींच्या कोनशिला आणि समारंभांतील भाषणे यांना पुष्कळ जागा दिली जाते. परंतु त्या इमारतींचा पैसा कोणी आणला, कोणत्या दारी उभे राहून आणला आणि तो आणण्यापूर्वी किती वेळा नकार ऐकला, हा भाग बहुधा एका ओळीत उरकला जातो. वस्तुतः संस्थेचे आयुष्य याच भागावर अवलंबून असते. ध्येय कितीही उदात्त असले तरी महिन्याच्या अखेरीस शिक्षकांचे वेतन आणि वसतिगृहाचा शिधा यांची तोंडमिळवणी करावीच लागते. ती करणारा मनुष्य हा संस्थेचा अर्धा प्राण होय.

अमेरिकेत हेन्री रोसो यांनी १९७४ साली, सार्वजनिक कार्यासाठी पैसा कसा उभारावा हे शिकविणारी एक स्वतंत्र शाळाच काढली. पुढे १९८७ साली ती इंडियाना विद्यापीठाच्या आश्रयास गेली. दात्याशी संबंध कसा जोडावा आणि मृत्युपत्राने किंवा निधीच्या रूपाने मिळणाऱ्या देणगीची सिद्धता कशी करावी, हा आता रीतसर अभ्यासाचा विषय झाला आहे. महाराष्ट्रात अशी शाळा नव्हती. पण विद्या मात्र होती. ती संस्थांच्या अंगणात, पावतीपुस्तक हाती घेऊन, अनुभवाने शिकली गेली. तिचे धडे कोणते होते, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला धडा पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गिरविला गेला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या मंडळींत चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांची नावे सर्वतोमुखी झाली. परंतु संस्थानिकांच्या दरबारी जाऊन, अधिकाऱ्यांच्या गाठी घेऊन कॉलेजच्या निधीला आकार देण्याचे काम ज्यांनी विशेष कौशल्याने केले, त्या महादेव बल्लाळ नामजोशी यांचे स्मरण फारसे कोणास उरले नाही. कोणाकडे कोणत्या वेळी जावे, काय बोलावे आणि काय बोलू नये, याची त्यांना उपजत जाण होती. ज्या गव्हर्नरसाहेबांचे नाव कॉलेजला दिले गेले, त्या सर जेम्स फर्ग्युसन यांची स्वतःची देणगी अवघी १,२०० रुपयांची होती. तिच्याहून मोठी देणगी नावाची होती. त्या नावामुळे इतर दारे उघडली. पहिली देणगी किती मोठी आहे याहून ती कोणाची आहे, याला कधीकधी अधिक मोल असते, हे या मंडळींनी ओळखले होते.

तथापि सोसायटीचा खरा शोध निराळा होता. तो म्हणजे आजीव सभासद. वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याची शपथ घेतलेला प्राध्यापक जेव्हा सुट्टीत मदत मागावयास निघे, तेव्हा त्याच्या मागणीस एक आधार असे. तो आणीत असलेल्या रकमेत त्याचा वाटा नसे. ज्याने स्वतःचे आयुष्यच वर्गणी म्हणून दिले आहे, त्यास दहा रुपये नाकारताना देणाऱ्यास संकोच वाटावा, हे स्वाभाविकच होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही कॉलेजच्या इमारतीसाठी अशीच दारोदार हिंडून रक्कम जमविली. मागणाऱ्याचे शील हेच त्याचे पहिले प्रशस्तिपत्र, हा तो धडा.

त्याच सोसायटीत १८९१ साली गणिताचे अध्यापक म्हणून धोंडो केशव कर्वे आले. मुंबईत असतानाच त्यांनी मुरूड फंडाची योजना काढली होती. पोटापाण्यासाठी बाहेरगावी गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या प्राप्तीतील अल्पसा अंश गावाच्या कामासाठी द्यावा, अशी ती कल्पना. मागणी थोडी, पण नियमित. आणि देणाऱ्याचे ज्या कार्याशी नाते आहे त्याच कार्यासाठी. पुढील सर्व उद्योगाचे बीज या लहानशा फंडात दिसते.

परंतु १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्याच मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा मदत मागणारा मनुष्य स्वतःच समाजाच्या रोषास पात्र झालेला होता. वक्तृत्वाची देणगी त्यांस नव्हती. अशा स्थितीत त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आश्रमाचा कारभार पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळा ठेवला. येथे विधवांना शिक्षण मिळेल, त्यांचा विवाह लावून देणे हे आश्रमाचे काम नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. सुधारकांपैकी काहींना हे मुळीच रुचले नाही. ही माघार आहे असा आक्षेप आला. पण ज्या सनातनी बापाला आपली विधवा मुलगी शिकावी असे मनातून वाटत होते, त्यास आश्रमाचे दार यामुळेच उघडले, आणि त्याच्या खिशाचेही. दुसरी गोष्ट हिशेबाची. आलेली रक्कम कितीही लहान असो, तिची पावती, तिची नोंद आणि वर्षअखेरीस छापील अहवाल, हा क्रम कधी चुकला नाही. अहवालात आपले नाव वाचणारा गृहस्थ पुढील वर्षी वर्गणी देण्यास मनाने अगोदरच तयार झालेला असे.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले होते. कर्वे दिवसा कॉलेजात शिकवीत आणि नंतर चिखल तुडवीत हिंगण्याची वाट धरीत. एकट्याच्या पायांनी हा पसारा चालणार नव्हता. मदत मागणारी माणसे तयार करणे आवश्यक झाले. आणि येथेच या विद्येचा सर्वांत विलक्षण विद्यार्थी पुढे आला. तो विद्यार्थी म्हणजे पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाई या कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या धाकट्या भगिनी. जन्म १८७० सालचा, देवरुखचा. अकराव्या वर्षी विवाह, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. अक्षरओळख अशी झाली ती पुण्यास आल्यानंतर, वयाची पंचविशी उलटल्यावर. आश्रमात वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर यांसारख्या कार्यकर्त्या अंतर्गत व्यवस्था सांभाळीत असता पार्वतीबाईंनी झोळी उचलली आणि गावोगाव हिंडण्याचे काम पत्करले. त्या काळी परक्या गावी, परक्या घरी, एकट्या विधवेने पैसा मागावयास जाणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकास सहजी यावयाची नाही. परंतु ज्या वेषाने तिला समाजात कोपऱ्यात बसविले होते, तोच वेष येथे उपयोगी पडला. सोवळ्या विधवेस माजघरापर्यंत जाण्यास आडकाठी नव्हती; सुधारक प्राध्यापकास ओसरीवरूनच परतावे लागले असते. घरातील स्त्रियांशी बोलून, आपलीच हकिगत सांगून, आश्रमाचे काम पटवून देण्याची हातोटी त्यांनी संपादन केली. पुढे १९१२ साली त्यांनी केशवपन सोडून दिले, तेव्हा मिळणारा मान गमावण्याचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला.

पार्वतीबाईंना या कामात एक उणीव सतत जाणवे, ती इंग्रजीची. मोठ्या शहरांतील परप्रांतीय धनिकांशी बोलावयाचे तर ती भाषा हवी. त्यासाठी १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे घरकामाची चाकरी करून त्यांनी पोट भरले, भाषा शिकली आणि संस्थेसाठी मदतही मिळविली. १९२० साली त्या परत आल्या. आपल्या धंद्यास लागणारे ज्ञान मिळविण्यासाठी या वयात समुद्र ओलांडून भांडी घासणारी कार्यकर्ती कोणत्याही देशाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झाली.

दरम्यान १९०८ साली कर्व्यांनी निष्काम कर्म मठ स्थापन केला होता. आपले सर्वस्व संस्थेस वाहणाऱ्या सेवकांचा आणि सेविकांचा तो संघ. माणसांची घडण ही प्रासंगिक गोष्ट नसून संस्थेचे नित्याचे काम आहे, ही जाणीव त्यामागे होती.

इतरत्रही निरनिराळे प्रयोग चालू होते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने प्रत्येकाकडून फक्त एक पैसा मागितला. टिळकांचा त्यास पाठिंबा मिळाला आणि १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे १९१९ साली भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली. ज्या शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते पण घरात जोंधळा असतो, त्याच्याकडून त्यांनी मूठभर धान्यच मागितले. घरची बाई दळणाच्या वेळी एक मूठ बाजूस काढी आणि त्या मुठींवर वसतिगृहातील मुले जेवत. शहरात पैसा, खेड्यात धान्य, दरबारात देणगी. देणाऱ्याजवळ जे आहे तेच मागावे, हा व्यवहार या सर्वांनी जाणला होता.

परंतु नित्याच्या वर्गणीने संस्था तगते, स्थिर होत नाही. स्थैर्य येते ते कायम निधीने. आणि तो निधी बहुधा एखाद्या धनिकाच्या मनातील स्मरणाच्या इच्छेतून जन्मास येतो. मुंबईच्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले, ते आपल्या मातोश्रींचे नाव मनोऱ्यास लागावे म्हणून. पुढील वर्षी कापसाचा बाजार कोसळला आणि त्यांचे वैभव लयास गेले. पण राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला आणि उभा राहिला. दात्याचे दिवस फिरले तरी वेळेवर दिलेले दान फिरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

कर्व्यांच्या वाट्यास असाच योग आला. १९१५ साली मुंबईस सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद भूषविताना त्यांनी जपानी महिला विद्यापीठाच्या नमुन्यावर भारतीय स्त्रियांचे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही केले. कॉलेजात पहिल्या वर्षी केवळ पाच विद्यार्थिनी होत्या. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले, त्यांनी तेथील महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले आणि १९२० साली पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाने तिचे वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये होत होते. विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. दात्याने जे डोळ्यांनी पाहिले त्याचाच परिणाम अधिक झाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. कर्व्यांनी आपली कल्पना आधीच मांडून, थोड्या पैशांत का होईना, प्रत्यक्षात आणून ठेवली होती. म्हणून त्या परिणामास जाऊन मिळण्यासारखे ठिकाण होते.

मोठ्या देणगीबरोबर मोठे बंधनही येते. सर विठ्ठलदास १९२२ साली निवर्तले. पुण्याच्या माळावर, वर्गणीदारांच्या आणे-रुपयांवर वाढलेल्या विद्यापीठाचे केंद्र १९३६ साली मुंबईस गेले. कायद्याने मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. त्यानंतर दात्याच्या पत्नी प्रेमलीलाबाई यांनी विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. या स्थलांतराने लाभ झाला की हानी, याविषयी मते भिन्न असू शकतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: कायम निधीचा कागद लिहिला जातो तेव्हा संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांचा मार्ग आखला जातो. म्हणून तो कागद नीट वाचणारा, दात्याची इच्छा आणि संस्थेचे हित यांचा मेळ वेळीच घालणारा सेवक हा झोळी घेऊन हिंडणाऱ्या सेवकाइतकाच आवश्यक ठरतो.

कर्व्यांनी मात्र मोठ्या देणगीनंतरही झोळी खाली ठेवली नाही. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासास गेले. १९३० च्या डिसेंबरात आफ्रिकेस निघाले आणि केनिया, युगांडा, झांझिबार येथपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या हिंदी लोकांच्या दारी पंधरा महिने हिंडले. १९३६ साली खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी पुन्हा नवे मंडळ काढले आणि पुन्हा लहान लहान वर्गण्या मागण्यास आरंभ केला. पंधरा लक्षांचा दाता एक असतो. आण्याचे दाते हजारो असतात, आणि संस्था समाजाची आहे असे म्हणण्याचा अधिकार या हजारांमुळे येतो.

१९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा झाला. नोंदणी, हिशेब आणि त्यांची तपासणी या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख बसविली. हिंगण्याच्या अहवालांनी जे स्वेच्छेने पाळले होते, ते कायद्याने सर्वांवर घातले. परंतु कायदा हिशेब तपासू शकतो. दारातून रिकाम्या हाताने परतल्यावर तेथेच पुढील वर्षी पुन्हा जाण्याचे धैर्य तो शिकवू शकत नाही. ते धैर्य, तो हिशेब आणि दिलेल्या शब्दाचे दात्याच्या पश्चातही पालन, या तीन गोष्टी मिळून ही विद्या होते. ज्या संस्थेने आपल्या सेवकांस ती शिकविली, ती संस्थापकाच्या मागे जगली; जिने ती संस्थापकाबरोबरच जाऊ दिली, तिच्या कोनशिलेवरील अक्षरे तेवढी उरली.