अमेरिकी शेतकऱ्याच्या मदतीचा रस्ता कौंटीतून

अमेरिकेची शेती म्हटली की हजारो एकरांतील मका-सोयाबीनचे पट्टे आणि अवाढव्य यंत्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. मात्र तेथील लहान शेतकऱ्यालाही सरकारी मदतीसाठी कार्यालयाची पायरी चढावी लागते, अर्ज भरावे लागतात आणि जमिनीवरील आपला हक्क कागदोपत्री दाखवावा लागतो. या व्यवहाराचा पाया आहे ‘कौंटी’, म्हणजे राज्याखालील प्रशासकीय विभाग. देशात अशा तीन हजारांहून अधिक कौंटी आहेत.

धूळवादळातून जन्म

या यंत्रणेचे मूळ १९३० च्या दशकातील संकटात आहे. बेसुमार नांगरट आणि दुष्काळ यांमुळे मध्य अमेरिकेतील मैदानांवरची सुपीक माती वाऱ्याने उडून गेली. १४ एप्रिल १९३५ चे धूळवादळ ‘काळा रविवार’ म्हणून ओळखले जाते. त्याच महिन्यात मृद्संधारण कायदा संमत झाला आणि ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृद्संधारण सेवा स्थापन झाली. १९९४ मध्ये तिचे नाव ‘नैसर्गिक संसाधन संधारण सेवा’ असे झाले.

कोणते काम कुठे?

कृषी खात्याच्या स्थानिक सेवा केंद्रात सहसा दोन कार्यालये शेजारी-शेजारी असतात. ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’कडे कर्ज, आपत्तीतील भरपाई आणि पिकांच्या आधार योजना असतात. संधारण सेवेकडे माती, पाणी आणि कुरणांचे तांत्रिक काम असते. प्रत्येक कौंटीत स्वतंत्र केंद्र असतेच असे नाही. काही ठिकाणी शेजारच्या कौंटीत जावे लागते. पीक, कीड, खत याविषयीचा सल्ला १९१४ च्या कायद्यानुसार विद्यापीठांच्या विस्तार सेवेकडून मिळतो.

पहिली पायरी ‘फार्म नंबर’

नव्या शेतकऱ्याने प्रथम फार्म सर्व्हिस एजन्सीकडे ‘फार्म नंबर’ घ्यावा लागतो. त्यासाठी ओळखपत्र आणि मालकीचा दस्त किंवा भाडेकरार लागतो. त्यानंतर संधारण सेवेचा अधिकारी शेतावर येऊन पाहणी करतो आणि विनामूल्य आराखडा करून देतो. धूप होणारी जमीन व पाणथळ जागा यांविषयीच्या अटी पाळण्याचे प्रमाणपत्रही द्यावे लागते.

प्रमुख योजना दोन. १९८५ च्या कायद्यातून आलेल्या ‘संधारण राखीव’ योजनेत धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे लागवडीबाहेर ठेवून तेथे गवत वा झाडे लावल्यास शेतकऱ्याला वार्षिक भाडे मिळते. १९९६ ची ‘इक्विप’ योजना जमीन कसत असतानाच कुंपण, सिंचन सुधारणा, आच्छादन पिके अशा कामांच्या खर्चात साधारणतः ७५ टक्क्यांपर्यंत वाटा उचलते. नवोदित शेतकऱ्यांसाठी ही मर्यादा ९० टक्क्यांपर्यंत जाते. अर्ज वर्षभर स्वीकारले जातात. निवड मात्र ठरावीक तारखांना गुणानुक्रमे होते. करारावर सह्या होण्यापूर्वीच काम सुरू केल्यास सहसा त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. घाई करणाऱ्या अनेकांना हा नियम महागात पडतो.

कागद आणि न्याय

प्रत्येक कौंटीच्या कामकाजात शेतकऱ्यांनी निवडलेल्या समितीचा सहभाग असतो. ही लोकशाही रचना सर्वांना न्याय देऊ शकली नाही. कर्ज आणि मदत देताना भेदभाव झाल्याच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दाव्यात १९९९ मध्ये न्यायालयाने समझोत्याला मंजुरी दिली. पुढे भरपाईपोटी सुमारे १०० कोटी डॉलर दिले गेले.

दुसरी अडचण वारसाहक्काची. दक्षिणेतील अनेक कुटुंबांत मृत्युपत्राविना जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिली. स्पष्ट दस्त नसल्याने फार्म नंबर मिळेना, आणि नंबर नसल्याने योजनाही मिळेनात. २०१८ च्या कृषी कायद्याने अशा जमिनी कसणाऱ्यांना पर्यायी पुरावे देण्याची मुभा दिली. त्यांत मागील पाच वर्षांच्या करविवरणपत्रांचाही समावेश आहे.

सातबाऱ्यावरील वारसनोंदीसाठी हेलपाटे घालणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही कथा परकी वाटणार नाही. योजना कितीही उदार असो, तिचा लाभ अखेर त्या एका कागदावर अडतो.