सार्वजनिक धूम्रपानबंदी : व्यक्तिस्वातंत्र्य आणि सार्वजनिक आरोग्य – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
स्वतःच्या कमाईतून विकत घेतलेली विडी वा सिगारेट स्वेच्छेने ओढण्यास शासनाने प्रतिबंध करावा काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय न्यायालयांसमोर व कायदेमंडळांसमोर ठळकपणे उपस्थित झाला. एका बाजूस व्यक्तिस्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूस सार्वजनिक आरोग्य, अशी या वादाची सर्वसाधारण मांडणी केली जाते. मात्र बंदीचा इतिहास तपासला असता ही मांडणी अपुरी ठरते. ओढणाऱ्याचे हित साधण्यासाठी ही बंदी उभी राहिली नाही. शेजारी उभ्या असलेल्या न ओढणाऱ्याच्या श्वासाला हक्काचे स्थान मिळाले, तेव्हाच तिला वैधता लाभली. कायद्याचे बळ या पायात आहे आणि त्याच्या मर्यादाही याच पायातून निर्माण झाल्या आहेत, हे प्रस्तुत निबंधात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

राजाज्ञेपासून तत्त्वविचारापर्यंत :
तंबाखूविषयीचा वाद आधुनिक काळातच सुरू झाला असे नाही. असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारात नेली. अकबराने कुतूहलाने तिचा आस्वाद घेतला. परंतु या अपरिचित वनस्पतीस हकिमाने हरकत घेतली, असे असद बेगच्या वृत्तांतावरून दिसते. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू अपायकारक मानून धूम्रपानास मनाई केली. इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्स राजाने १६०४ मध्येच तंबाखूविरोधी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. या सर्व प्रयत्नांमागे राज्यकर्त्याची इच्छा हाच आधार होता. शेजाऱ्याच्या हक्काचा विचार त्यांत नव्हता.

राज्याने व्यक्तीच्या आचरणात केव्हा हस्तक्षेप करावा, याचा तात्त्विक निकष जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मांडला. इतरांना होणारी हानी रोखण्यासाठीच सज्ञान व्यक्तीवर सक्ती करता येते. केवळ तिच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही, असे त्याचे सार आहे. महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नाही. गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखनावर मिल व स्पेन्सर यांचा प्रभाव होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून आगरकर व टिळक यांच्यात झालेला वादही कायद्याने घराचा उंबरठा कोठपर्यंत ओलांडावा, याच प्रश्नाभोवती फिरत होता.

शास्त्रीय पुराव्याने बदललेला प्रश्न :
१९५० मध्ये ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांतील संबंध दाखविला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु हा पुरावा ओढणाऱ्याच्या हानीचा होता. मिल यांच्या निकषानुसार तेवढ्याने सक्तीचे समर्थन होत नव्हते. फार तर सावधगिरीची सूचना देता येत होती. भारताच्या १९७५ च्या सिगारेटविषयक कायद्यानेही मुख्यतः तेच केले. पाकिटावर वैधानिक इशारा आला, निवड ग्राहकाकडे राहिली आणि विडी या कायद्याबाहेरच राहिली.

खरा बदल १९८१ मध्ये घडला. जपानमधील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांच्या १४ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. पती अधिक धूम्रपान करीत असल्यास पत्नीस फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे त्यात आढळले. या निष्कर्षांवर तंबाखू उद्योगाकडून टीका झाली. तथापि १९८६ च्या सर्जन जनरलच्या अहवालाने परोक्ष धूम्रपानाचा धोका मान्य केला. त्यामुळे धूम्रपान ही केवळ खासगी कृती राहिली नाही.

न्यायालयीन व वैधानिक टप्पे :
दिल्लीच्या १९९६ च्या कायद्याच्या नावातच धूम्रपान न करणाऱ्यांच्या आरोग्यरक्षणाचा उल्लेख आहे, ही बाब लक्षणीय आहे. गोव्याने १९९७ च्या कायद्यात धूम्रपानाबरोबरच थुंकण्यासही प्रतिबंध केला. जुलै १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा तत्कालीन भारतीय दंड संहितेनुसार सार्वजनिक उपद्रव असल्याचे ठरविले आणि त्यामुळे घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होतो, असे म्हटले.

मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेला आदेश देशव्यापी ठरला. रुग्णालये, शैक्षणिक संस्था, ग्रंथालये, न्यायालये, शासकीय कार्यालये, प्रेक्षागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई करण्यात आली. धूम्रपान न करणाऱ्याने सार्वजनिक ठिकाणी जावे लागते एवढ्याच कारणाने आजार का पत्करावा, हा न्यायालयाच्या विवेचनाचा गाभा होता. येथे मिल यांचा हानीचा निकष भारतीय घटनेच्या परिभाषेत उतरला, असे म्हणता येईल.

संसदेने २००३ मध्ये व्यापक तंबाखू नियंत्रण कायदा केला. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी कामाच्या ठिकाणांचाही स्पष्ट समावेश केला. या नियमांना आव्हान दिले गेले असता सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली.

मर्यादांचा विचार :
या कायद्याच्या तीन मर्यादा विचारात घेणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा समतेची आहे. २००३ च्या कायद्याने ३० खोल्यांची हॉटेले, ३० आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना स्वतंत्र धूम्रपान कक्षाची मुभा दिली. बसस्थानकावर विडी ओढणाऱ्या मजुरासाठी तशी सोय नव्हती. २०० रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद मात्र सर्वांना सारखी होती. दोनशे रुपये हा अधिकाऱ्याचा किरकोळ खर्च असेल. मजुराच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा अंमलबजावणीची आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २००९-१० ते २०१६-१७ या काळात घरातील परोक्ष धुराचा संपर्क ५२.३ टक्क्यांवरून ३८.७ टक्क्यांवर आला. याउलट बंदिस्त कामाच्या ठिकाणी तो २९.९ टक्क्यांवरून ३०.२ टक्के, म्हणजे जवळजवळ जैसे थे राहिला. ज्या घरात कायद्याचा प्रवेश नाही तेथे घट झाली आणि जेथे कायदा आहे तेथे ती झाली नाही. घरातील स्त्रीला धुराला हरकत घेता येऊ लागली असावी. परंतु वरिष्ठाला हटकणे कनिष्ठ कर्मचाऱ्याला आजही अवघड जाते, असे यावरून अनुमान करता येते.

तिसरी मर्यादा महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले. तंबाखू मळून खाणाऱ्याच्या शेजाऱ्यास धुराचा त्रास होत नाही. त्यामुळे परोक्ष हानीचा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर घातलेली बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अधिकारकक्षेच्या प्रश्नावर टिकली नाही. २०१२ मध्ये नवी बंदी आली ती अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे, म्हणजे अन्नाच्या शुद्धतेच्या तर्काने. मुखकर्करोगाचे ओझे वाहणाऱ्या समाजाला आपल्या मुख्य व्यसनासाठी निराळा कायदेशीर मार्ग शोधावा लागला.

निष्कर्ष :
सार्वजनिक धूम्रपानबंदीने व्यक्तिस्वातंत्र्य नाकारले नाही; श्वास घेणाऱ्याचे स्वातंत्र्य ओढणाऱ्याच्या स्वातंत्र्यासोबत तोलले. म्हणूनच ती न्यायालयात टिकली. परंतु शेजाऱ्याच्या हानीवर आधारलेला तर्क स्वतःचीच हानी करून घेणाऱ्या व्यसनापर्यंत पोहोचत नाही. तेथे आधी मिल यांचा निकष ओलांडण्याचे समर्थन द्यावे लागेल, किंवा शिक्षण, उपचार आणि व्यसनमुक्तीच्या सोयी यांवर भर द्यावा लागेल. सोलापूरसारख्या ठिकाणी विडी वळण्यावर पोट असलेल्या स्त्रियांच्या पर्यायी रोजगाराचा प्रश्नही त्यासोबतच येतो. केवळ दंडाच्या पावतीने यांपैकी कोणताही प्रश्न सुटण्यासारखा नाही.