जिथून शर्यतपटू निघून गेले, तिथे हौशी चालक राहिले

१ ऑगस्ट १९७६. जर्मनीच्या आयफेल डोंगरात न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या मार्गावर निकी लाउडाची फेरारी घसरली, बाजूच्या उतारावर आदळली आणि पेटली. जगज्जेत्या लाउडाला आगीतून बाहेर काढले ते त्याच्याबरोबर शर्यतीत असलेल्या चालकांनी. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत त्या मार्गावर पुन्हा झाली नाही. मात्र तिथला टोलनाका बंद झाला नाही. पैसे भरून स्वतःची मोटार त्याच वळणांवरून पळवण्याची मुभा सामान्य माणसाला तेव्हा होती, आजही आहे. (थ्रेड)

ज्याला आज ‘ट्रॅक डे’ म्हणतात त्याची व्याख्या सोपी आहे. शर्यतीचा मार्ग एखादी संस्था दिवसभरासाठी भाड्याने घेते, मोटारमालक शुल्क भरतात आणि रस्त्यावर कायद्याने न चालणारा वेग तिथे अनुभवतात. क्रमांक नाही, बक्षीस नाही, म्हणून ती शर्यत नाही. नेमकी या ‘शर्यत नाही’ या दोन शब्दांत या प्रकाराची सगळी सोय आहे आणि सगळा धोकाही.

या कल्पनेचे मूळ शोधत गेले की वाट इंग्लंडला पोहोचते. १९०३ च्या मोटार कायद्याने ब्रिटिश रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा घातली होती. मोटारी त्याहून कितीतरी वेगवान झाल्या होत्या, पण त्या पळवायच्या कुठे? ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यात वेब्रिजजवळच्या आपल्या जमिनीवर काँक्रीटचा मार्ग बांधला. १९०७ मध्ये खुला झालेला हा ब्रुकलँड्स. लांबी पावणेतीन मैल, रुंदी १०० फूट आणि वळणांवर जवळजवळ ३० फुटांपर्यंत उचललेला उतार. खास मोटारींसाठी बांधलेला जगातला हा पहिला मार्ग मानला जातो.

मोटारींची शर्यत चालवायची कशी, याचा नमुनाच तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हता. त्यामुळे नियम आले थेट घोड्यांच्या शर्यतीतून. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकी ज्या रंगीत सदऱ्यांवरून ओळखले जातात, तसेच सदरे सुरुवातीला ब्रुकलँड्सच्या चालकांना घालावे लागत. मोटारींवर क्रमांक नसत. घोडा दमला की स्वतःच मंदावतो. यंत्राला तशी जाण नसते. हा फरक कळायला फार दिवस लागले नाहीत.

१५ फेब्रुवारी १९१३ रोजी पर्सी लॅम्बर्टने याच मार्गावर टॅल्बट मोटारीतून एका तासात १०३ मैलांहून अधिक अंतर कापले. तासात शंभर मैल ओलांडणारा तो पहिला माणूस. पुढे हा विक्रम त्याच्या हातून गेला. तो परत मिळवण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९१३ रोजी तो पुन्हा उतरला. मागचे टायर फुटले आणि त्याचा मृत्यू झाला. इंजिन मजबूत होते, मार्ग रुंद होता, चालक त्या काळातल्या उत्तमांपैकी होता. दगा दिला तो रबराने. मोटारीची शक्ती टायर, ब्रेक आणि माणूस यांच्यापुढे धावते, हे गणित तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

न्यूरबुर्गरिंगची गोष्ट वेगळ्या गरजेतून सुरू होते. आयफेल हा गरीब, डोंगराळ प्रदेश. बेकारांना काम आणि जर्मन मोटार उद्योगाला चाचणीचा मार्ग, असे दोन हेतू ठेवून १९२५ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि जून १९२७ मध्ये पहिल्या शर्यती झाल्या. मूळ मार्ग २८ किलोमीटरहून लांब होता. त्यातला उत्तरेचा फेरा, नॉर्डश्लाइफे, एकटाच जवळजवळ २३ किलोमीटरचा. दाट जंगल, सुमारे ३०० मीटरचा चढउतार आणि एका टोकाला ऊन असताना दुसऱ्या टोकाला पाऊस. शर्यत नसेल तेव्हा शुल्क भरणाऱ्या कोणालाही इथे गाडी चालवता येई.

चाळीस वर्षांत मोटारी बदलल्या, डोंगर तोच राहिला. १९७० मध्ये फॉर्म्युला वनच्या चालकांनी सुधारणांशिवाय इथे उतरण्यास नकार दिला आणि जर्मन ग्रां प्री त्या वर्षी हॉकेनहाइमला भरली. मार्गाच्या कडेला लोखंडी कठडे आले, झाडेझुडपे मागे सारली गेली आणि शर्यत परत आली. १९७६ मध्ये लाउडाने अपघाताआधी बहिष्काराचा आग्रह धरला होता. चालकांच्या बैठकीत त्याची बाजू हरली. त्याचा आक्षेप साधा होता: एवढ्या लांब मार्गावर प्रत्येक वळणाशी अग्निशामक आणि वैद्यकीय मदत ठेवणे शक्य नाही. अपघातानंतर सहा आठवड्यांत तो मोंझाच्या शर्यतीत परतला. जर्मन ग्रां प्री मात्र १९७७ पासून हॉकेनहाइमला गेली.

व्यावसायिकांनी जो मार्ग मदत वेळेत पोहोचत नाही म्हणून सोडला, त्यावर हौशी चालकांची गर्दी वाढत गेली. त्यांच्याकडे अग्निरोधक पोशाख नव्हता, मोटारीत संरक्षक पिंजरा नव्हता, शर्यतीचा परवाना तर नव्हताच. जर्मन व्यवस्थेने यावर काढलेला तोडगा मोठा मासलेवाईक आहे. पर्यटकांसाठी खुला असताना हा मार्ग कायद्याच्या दृष्टीने एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो. म्हणजे रहदारीचे नियम लागू, ओलांडायचे ते डावीकडून, वेळ मोजण्यास बंदी. कठडा तुटला तर दुरुस्तीचे बिल चालकाच्या नावे निघते. शिवाय अनेक विमा करार अशा ठिकाणी झालेले नुकसान भरून देत नाहीत.

या मार्गांवर घडते काय, हेही समजून घ्यायला हवे. रस्त्यावर ब्रेक एकदा दाबला की पुढचे काही मिनिट त्याला निवायला मिळतात. ट्रॅकवर ती उसंत नाही. वळणामागून वळण ब्रेक तापत जातो, शेवटी त्यातले द्रव उकळते आणि पेडल थेट तळाला टेकते. त्यात वेगाचे गणित सरळ नाही. ताशी १०० किलोमीटरऐवजी २०० ने जाणाऱ्या मोटारीला थांबवायला दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जा जिरवावी लागते. शर्यतीत सर्वांच्या मोटारी साधारण एका तोलाच्या असतात. ट्रॅक डेला मात्र एकाच सरळ पट्ट्यावर दोन मोटारींच्या वेगात ताशी शंभर किलोमीटरचे अंतर असू शकते.

१९७६ मधल्या लाउडाच्या फेरारीची शक्ती सुमारे ५०० अश्वशक्ती होती. जगात ती मोटार चालवू शकणारे लोक हाताच्या बोटांवर मोजता आले असते. २००३ च्या सुमारास पोर्शने कारेरा जीटी बाजारात आणली. शक्ती ६०० अश्वशक्तीहून अधिक, वजन लाउडाच्या मोटारीच्या दुपटीहून जास्त आणि घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रण प्रणाली नाही. ती चालवायला लागत होते ते पैसे आणि साधा वाहन परवाना.

२ जून २००५. कॅलिफोर्निया स्पीडवे, फोंटाना. एका मोटारमालक संघटनेच्या ट्रॅक डेला एक कारेरा जीटी सरळ पट्ट्यावर भरधाव येत होती. त्याच वेळी पिटमधून एक फेरारी मुख्य मार्गावर आली. तिला टाळताना कारेरा जीटीचा तोल गेला आणि ती काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. चालक आणि शेजारी बसलेला पाहुणा, दोघेही ठार झाले. दोघांनीही जबाबदारीतून आयोजकांना मुक्त करणाऱ्या कागदावर आधी सह्या केल्या होत्या.

पाहुण्याच्या पत्नीने दावा लावला आणि एरवी अपघाताबरोबर विसरल्या जाणाऱ्या गोष्टी कागदावर आल्या. आदळलेली ती भिंत तिच्या पूर्वीच्या जागेवरून हलवून मार्गाच्या जवळ आणली होती, असे दाव्यात मांडले गेले. कारण? मोठ्या शर्यतींच्या वेळी आतल्या भागात मुलांच्या खेळण्याची जागा हवी होती. फेरारीला मार्गावर सोडण्याची वेळ चुकली, असाही आरोप झाला. कारेरा जीटीत स्थैर्य-नियंत्रण का नाही, हा प्रश्न पोर्शला विचारला गेला. मोटार सरळ राहत नाही हे चालकाला आधीपासून ठाऊक होते आणि त्याने ते पाहुण्याला सांगितले नाही, असेही म्हटले गेले.

खटला निकालापर्यंत गेला नाही. २००७ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या रकमेपेक्षा तिची वाटणी अधिक काही सांगते. चालकाच्या मालमत्तेतून ४९ टक्के, मार्गाचे मालक आणि आयोजक मिळून ४१ टक्के, पोर्श ८ टक्के आणि फेरारीचा चालक २ टक्के. सही केलेला कागद कोणालाच पूर्ण वाचवू शकला नाही. ब्रुकलँड्सपासून ‘ज्याची मोटार त्याचा धोका’ असे सहज म्हटले जात आले होते. इथे पहिल्यांदा नसेल, पण फार स्पष्टपणे, तो धोका भिंत, झेंडा, यंत्र आणि माणूस यांच्यात आकड्यांनी वाटला गेला.

कारेरा जीटीचे उत्पादन २००६ मध्ये थांबले. तिच्यानंतर आलेल्या ९१८ स्पायडरला पोर्शने स्थैर्य-नियंत्रण दिले आणि सोबत ८८७ अश्वशक्ती. सप्टेंबर २०१३ मध्ये या मोटारीने नॉर्डश्लाइफेची फेरी ६ मिनिटे ५७ सेकंदांत पूर्ण केली. त्या डोंगरात सात मिनिटांच्या आत फेरी पूर्ण करणारा पहिला माणूस होता निकी लाउडा, १९७५ मध्ये. मार्ग तेव्हा सुमारे दोन किलोमीटरने लांब होता. लाउडाची ती मोटार फक्त शर्यतीसाठी होती. ९१८ मात्र दुकानातून विकत घेऊन कोणीही टोलनाक्यापर्यंत चालवत नेऊ शकत होता.