आकाशवाणीच्या धूनची कुळकथा

तंबोऱ्यावर व्हायोलिन, सूर शिवरंजनीचे. केंद्र सुरू होतानाची ही धून नगर जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहे. पण ती बांधली कोणी? माझं उत्तर: वॉल्टर कॉफमन, हिटलरमुळे मुंबईला आलेला ज्यू संगीतकार.

कॉफमन 1907 साली कार्ल्सबादला जन्मले, बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे शिकले. 1933 मध्ये नाझी सत्तेत आले. ज्यू वंशाच्या या दोन्ही गुरूंची पदं गेली. संगीताच्या धंद्यात कोण राहील, हे प्रचारमंत्री गोबेल्सच्या हाताखालची संस्था ठरवू लागली. पुढे 1938 मध्ये ड्युसेलडॉर्फला नाझींनी ‘अधःपतित’ ठरवलेल्या संगीताचं प्रदर्शनच भरलं. कॉफमन त्याआधीच, 1934 मध्ये, मुंबई गाठून बसले होते.

आता वाद. कुणी या धूनचं श्रेय रविशंकरांना देतं, कुणी ठाकूर बलवंतसिंगांना, कुणी व्ही. व्ही. सदगोपनना. राग देशी, तेव्हा कर्ताही देशी, असा त्यामागचा हिशेब. तो मला पटत नाही. ही धून आलापासारखी उलगडत जात नाही. एक सुबक वाक्य पुरं होतं आणि तेच परत येतं. ही घडण मला पाश्चात्य शिस्तीची वाटते. सुरुवातीला आपलं संगीत कॉफमनना पार परकं वाटलं होतं. पण पुढे उत्तर भारतीय रागांवर ग्रंथ लिहिण्याइतके ते त्यात मुरले.

विरोधकांचा खरा हुकमी पत्ता तारखेचा. धून 1936 ची म्हणतात आणि कॉफमन मुंबई रेडिओवर लागले 1937 मध्ये. पण त्याआधीच त्यांनी मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी उभारली होती आणि व्हायोलिनवादक मेहली मेहता त्यांच्यासोबत वाजवत होते. धून तिथल्याच एखाद्या रचनेतून उचलली गेली आणि रेडिओने ती नंतर आपलीशी केली, असा माझा ठाम तर्क आहे.

कॉफमनसारख्या निर्वासितांच्या गोष्टीत नगरचा धागाही लागतो. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी भारतातल्या जर्मनांना धरून नगरच्या छावणीत आणलं. पासपोर्ट जर्मन, एवढ्यावर हिटलरपासून पळालेले ज्यूही नाझींच्या शेजारी कोंडले गेले. गिर्यारोहक हाइनरिश हारर, जो एस.एस.चा सदस्य होता, तोही इथे होता. मुंबईच्या ज्यू मदत संस्थेने खटपट करून अनेक ज्यूंना सोडवलं. कॉफमन मात्र 1946 पर्यंत रेडिओवरच राहिले. ते चेकोस्लोव्हाकियाचे म्हणून वाचले असावेत.

रेडिओवरच्या धूनचं नशीब वेगळंही असू शकतं. 1941 पासून बर्लिन रेडिओ रशियावरच्या विजयाच्या बातम्यांआधी संगीतकार लिस्टच्या ‘ले प्रेल्युद’ची तुतारी वाजवू लागला. लिस्टची ती रचना पुढे त्या राजवटीच्या नावाने डागाळली. कॉफमनच्या धूनला असलं ओझं वाहावं लागलं नाही. कर्त्याचं नाव लोकांना ठाऊक नाही, हे तिचं खरं दुर्दैव. ते दूर व्हावं म्हणून माझा हा सगळा हट्ट.