मतांची यादी : चिनी भाषेतील तीन चित्रपट आणि कॅम्पातले प्रेक्षक

चित्रपटांच्या इतिहासात बंदी आलेल्या चित्रपटांची नोंद सहसा सापडते. कोणत्या साली, कोणत्या मंडळाने, कोणती दृश्ये कापली, हे शोधून काढता येते. परंतु त्या चित्रपटाविषयी ज्यांनी मत दिले, त्यांच्या मताचे पुढे काय झाले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. मत म्हणजे बोलून सोडून देण्याची गोष्ट, असा आपला समज असतो. चिनी भाषेतील चित्रपटांचा इतिहास वाचताना मात्र हा समज टिकत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तीन चित्रपटांच्या निमित्ताने मतांचा हा इतिहास पाहणार आहोत. तो उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून पाहण्यास एक कारण आहे, ते ओघात येईलच.

आरंभी एक खुलासा. ‘चिनी चित्रपट’ असे न म्हणता ‘चिनी भाषेतील चित्रपट’ असे आम्ही हेतुपूर्वक म्हणतो. मुख्यभूमी चीन, हाँगकाँग आणि तैवान येथील चित्रपट एका राज्यव्यवस्थेतून आलेले नाहीत, आणि एका बोलीतूनही नाहीत. मँडरिन, कँटोनीज आणि तैवानमधील होक्कियन बोलणाऱ्यांना परस्परांचे बोलणे समजत नाही. आपण सारेच इंग्रजी उपशीर्षके वाचत असल्यामुळे हा भेद आपल्यापर्यंत पोचतच नाही.

महाराष्ट्राच्या पडद्यावर चीन ठळकपणे आला तो १९४६ साली, व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मधून. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये निवर्तले, त्यांच्यावरील ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो आधारलेला होता. त्यातील चीन हिंदी बोलत होता. प्रत्यक्ष चिनी भाषेतील गंभीर चित्रपट आपल्याकडे पुढे प्रामुख्याने फिल्म सोसायट्यांमुळे आणि महोत्सवांमुळे आले. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला आणि १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. सदस्यांपुरत्या खेळांना परिनिरीक्षणाच्या प्रमाणपत्रातून सूट मिळाली, ही या चळवळीची मोठी कमाई होय. चित्रपट कात्रीतून सुटला. त्यानंतरच्या चर्चेला कात्री लागेल काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही नियमाने सुटणारा नव्हता.

१

पहिला चित्रपट ‘वू शुनचे चरित्र’. दिग्दर्शक सुन यू, मुख्य भूमिकेत झाओ दान. वू शुन (१८३८-१८९६) हा शांतुंग प्रांतातील निरक्षर भिकारी. त्याने आयुष्यभर भीक मागून, मार खाऊन, श्रीमंतांच्या पायांवर लोटांगण घालून पैसा साठवला आणि त्यातून गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढल्या. मराठी वाचकाला येथे गाडगेबाबांची आठवण झाल्याविना राहणार नाही. स्वतः फाटके नेसून लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारणारा आणि मुलांना शिकवा म्हणून गावोगाव सांगणारा हा माणूस आपल्या परिचयाचा आहे.

१९५१ च्या प्रारंभी हा चित्रपट चीनच्या शहरांत लागला आणि त्याची भरभरून स्तुती झाली. त्याच वर्षी २० मे रोजी ‘पीपल्स डेली’त एक अग्रलेख आला. तो माओ यांनी लिहिला होता, हे पुढे जाहीर झाले. वू शुनने सरंजामी व्यवस्थेला हात न लावता तिच्यापुढे गुडघे टेकले, आणि अशा माणसाची स्तुती करणे म्हणजे क्रांतीच्या इतिहासाची निंदा करणे होय, असा त्याचा आशय. या अग्रलेखातील दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. एक, त्याच्या शीर्षकात ‘चर्चा’ हा शब्द होता. या चित्रपटावरील चर्चेकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. दुसरी, चित्रपटाची स्तुती करणाऱ्या चाळीसहून अधिक लेखांची यादी त्यात लेखकांच्या नावांनिशी छापली होती.

यादी छापल्यानंतर चर्चा संपली. पुढील काही महिन्यांत जे छापून आले, त्यात कबुलीजबाब आणि निषेध यांचाच भरणा होता. दिग्दर्शकानेही स्वतःवर टीका करणारे निवेदन दिले. च्यांग चिंग यांचा सहभाग असलेले पथक शांतुंगला जाऊन आले आणि वू शुन हा वस्तुतः जमीनदार व सावकार होता, असा अहवाल मालिकेने छापला गेला. चित्रपट पडद्यावरून गेला. १९८५ साली पक्षाचे ज्येष्ठ विचारवंत हू छ्याओमू यांनी ती टीका एकांगी व टोकाची होती, असे जाहीरपणे म्हटले. मध्ये चौतीस वर्षे गेली होती.

आमचे मत असे की, अग्रलेखातील आक्षेप निराधार नव्हता. हक्क म्हणून मागायचे ते भीक म्हणून का मागावे, हा प्रश्न रास्त आहे. फुले-आंबेडकरी विचारात वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्याला तो कोणी शिकवावा लागत नाही. शिवाय चित्रपट म्हणूनही तो पाल्हाळिक आहे, अश्रूंचा त्याला सोस आहे. मात्र झाओ दान याचा अभिनय विसरता येत नाही. लोटांगण घालणाऱ्या देहात अपमान आणि हट्ट हे दोन्ही एकाच वेळी दिसतात, आणि तेथे त्या आक्षेपाला एक उत्तर आहे. ते उत्तर यादीतील एखाद्या समीक्षकाने दिलेही असते, पण त्याला पुन्हा बोलण्याची सोय उरली नव्हती. मुद्दा बरोबर होता की चूक, हे चौतीस वर्षे सिद्धच होऊ शकले नाही. १९८० च्या ऑक्टोबरात, मृत्यूच्या दोन दिवस आधी, झाओ दान यांचा एक लेख त्याच ‘पीपल्स डेली’त आला. नियंत्रण फार तपशिलात शिरू लागले की कला-साहित्याला आशा उरत नाही, असे त्यांनी त्यात बजावले होते.

२

दुसरा चित्रपट तैवानचा. हौ सियाओ-सिएन यांचा ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’. १९८९ साली व्हेनिसमध्ये त्याला सुवर्णसिंह मिळाला. १९४५ ते १९४९ या काळात लिन कुटुंबातील चार भावांची वाताहत कशी झाली, याची ही कथा. पार्श्वभूमीला २८ फेब्रुवारी १९४७ ची घटना आहे. तैपेईत सिगारेट विकणाऱ्या एका विधवेला सरकारी कर्मचाऱ्यांनी मारहाण केली. त्यातून उठाव झाला आणि मुख्यभूमीहून आलेल्या सैन्याने तो हजारोंच्या रक्ताने मोडून काढला. तैवानमध्ये १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता आणि त्या काळात या घटनेचा उच्चारही धोक्याचा होता. कायदा उठल्यावर दोनच वर्षांनी हा चित्रपट आला.

त्यानंतर जो वाद झाला तो आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. स्तुती पुष्कळ झाली. परंतु तैवानमधीलच काही तरुण समीक्षकांनी त्यावर कठोर हल्ला चढवला. हत्याकांड पडद्याबाहेर ठेवले आहे, नायक मूकबधिर छायाचित्रकार आहे, डोंगर आणि धुके यांच्या सौंदर्यात राजकारण विरघळून गेले आहे, असे त्यांचे आक्षेप होते. १९९१ साली या गटाने संपादित केलेल्या पुस्तकाच्या नावातच तैवानच्या ‘नव्या सिनेमा’चा मृत्यू जाहीर केला होता. दिग्दर्शकाच्या चाहत्यांना हे रुचले नाही, प्रत्युत्तरे आली, कटुताही आली. पण कोणाला कबुलीजबाब लिहावा लागला नाही. आज हा चित्रपट शिकवताना तो विरोधी लेखही सोबत वाचला जातो. नायकाचे मूकपण ही पळवाट आहे की बोलता न येणाऱ्या काळाचे रूप, हा प्रश्न त्या हल्ल्यामुळेच धारदार झाला. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. परंतु पहिली बाजू कोणी मांडलीच नसती, तर आमचे मत केवळ आवड म्हणून राहिले असते.

येथे हौ यांच्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ते जन्माने तैवानचे नाहीत. १९४७ साली क्वांगतुंग प्रांतात जन्मलेले हे मूल पुढच्याच वर्षी आईवडिलांबरोबर तैवानला आले. म्हणजे मूळच्या रहिवाशांचे दुःख पडद्यावर आणणारा माणूस स्वतः बाहेरून आलेल्यांपैकी होता. ज्याचे दुःख त्यानेच बोलावे, हा नियम लावला असता तर हा चित्रपट निघालाच नसता.

तिसरा चित्रपट, एडवर्ड यांग यांचा ‘अ ब्रायटर समर डे’ (१९९१), हीच कथा दुसऱ्या टोकाकडून सांगतो. १९४९ च्या सुमारास चांग कै-शेक यांच्या सरकारबरोबर लाखो माणसे तैवानला आली. त्यांची मुले आईबापांच्या अनिश्चिततेत वाढली, आणि आधार शोधताना टोळ्यांत शिरली. १९६१ साली तैपेईत एका शाळकरी मुलाने केलेला खून हा कथेचा गाभा. जवळजवळ चार तासांच्या या चित्रपटात आम्हांला सर्वांत भिडतो तो बाप. जुन्या ओळखींच्या संशयावरून त्याची रात्रंदिवस चौकशी होते, आणि सुटून घरी आल्यावर तो पूर्वीचा माणूस राहत नाही. ज्या सरकारबरोबर तो आला, त्याच सरकारने त्याला मोडले.

३

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधहून आलेले नव्वद हजारांहून अधिक निर्वासित वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नगरात रूपांतर झाले आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. गावाचे भाग आजही ‘कॅम्प’ या शब्दाने आणि क्रमांकाने ओळखले जातात. ‘बराक’ हा शब्द येथे इतिहासाच्या पुस्तकातला नाही, पत्त्यातला आहे. मराठी साहित्यात फाळणी फार थोडी आली. उल्हासनगर आले ते बहुधा नकली मालाच्या विनोदापुरते. १९४९ हे साल दोन्हीकडे सारखे आहे, म्हणून तैवानचे हे दोन चित्रपट आम्ही येथील आमच्या लहानशा चित्रपट मंडळात दाखवले.

‘सिटी ऑफ सॅडनेस’मध्ये एक वाटाघाटीचा प्रसंग आहे. एकाची होक्कियन दुसरा कँटोनीजमध्ये सांगतो, ती तिसरा शांघायच्या बोलीत पोचवतो, आणि उत्तर त्याच साखळीने परत येते. कॅम्प दोनच्या बाजारात सिंधी, हिंदी आणि मराठी यांच्या मधून वाट काढणाऱ्या मुलांना हा प्रसंग समजावून द्यावा लागला नाही. वाद झाला तो नंतर. एका सिंधी विद्यार्थिनीचे म्हणणे असे की, या चित्रपटात बाहेरून आलेले सारे उपरे आणि क्रूर दिसतात. आमच्या आजोबांकडेही लोक असेच पाहत असत. त्यावर आसपासच्या गावातून येणारा एक विद्यार्थी म्हणाला, छावणी होण्याआधी या जमिनी कोणाच्या होत्या, हे कोण विचारणार? खोलीत शांतता पसरली. चर्चेच्या टिपणातून ही दोन्ही मते गाळावीत, उगाच कटुता नको, अशी सूचना आली. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

मते गाळली गेली नाहीत, आणि त्यामुळेच पुढच्या बैठकीत त्यांना उत्तरे मिळाली. तैवानला आलेल्यांबरोबर सैन्य होते, सरकार होते. येथे आलेल्यांपाशी शिधापत्रिकेपलीकडे काही नव्हते, त्यांच्या भाषेला प्रांत नव्हता आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९६७ उजाडले. म्हणजे विद्यार्थिनीला झालेली आठवण खरी होती, पण तुलना पुरती जुळत नव्हती. तिचा आजोबा यांगच्या चित्रपटातील बापाच्या अधिक जवळचा होता. विद्यार्थ्याचा प्रश्नही खरा होता, मात्र तो ज्याला विचारायचा ते निर्वासित नव्हेत, छावणी उभारणारे सरकार होय. ही दोन्ही उत्तरे त्या दोघांनीच शोधली. टिपणात मतेच नसती, तर उत्तर कशाला द्यायचे?

४

याचा अर्थ चर्चेला कोणीच आवर घालू नये, असे आमचे म्हणणे नाही. जातिवाचक शेरा किंवा व्यक्तीची हेटाळणी म्हणजे चित्रपटाविषयीचे मत नव्हे. ती थांबवणे हे अध्यक्षाचे कामच आहे. पण आवर कशा रीतीने घालावा, याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. कोटणीसांची कथा लिहिणाऱ्या त्याच अब्बास यांनी आपल्या अनुबोधपटावरील परिनिरीक्षणाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७० साली न्यायालयाने पूर्वपरिनिरीक्षण वैध ठरवले, म्हणजे अब्बास यांचा मूळ मुद्दा फेटाळला गेला. परंतु निर्णयाला कालमर्यादा हवी आणि सरकारबाहेर अपील करता यावे, या गोष्टी त्या खटल्याच्या ओघात सरकारला मान्य कराव्या लागल्या. पुढे अपील न्यायाधिकरण आले. २०२१ साली ते बरखास्त झाले आणि आता थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. चित्रपटकर्त्याला निदान तेवढी पायरी आहे. प्रेक्षकाच्या मताला ती नसते. म्हणून कारण सांगणे, मर्यादा ठरवणे आणि उत्तराची संधी देणे, ही तीन पथ्ये मंडळांनी आणि वर्गांनी स्वतःहून पाळली पाहिजेत.

साहित्याच्या शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. ‘वू शुनचे चरित्र’ आणि आचार्य अत्रे यांचा ‘महात्मा फुले’ (१९५४) हे दोन चित्रपट जोडीने दाखवावेत. दोन्ही नवी राजवट आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले, दोन्हींच्या केंद्रस्थानी शाळा काढणारा माणूस. एकावर यादी निघाली, दुसऱ्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. गौरव झालेल्या चित्रपटावर आक्षेप घेणे आणि दडपलेल्या चित्रपटातही दोष दाखवणे, ही दोन्ही कामे विद्यार्थ्यांकडून लेखी करून घ्यावीत, आणि ते कागद वर्षअखेरीस रद्दीत घालू नयेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला वाचायला द्यावेत.