हजेरीपट

मागच्या भागानंतर इंदूरच्या एका श्रोत्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब, ईशान्येतल्या मिशनऱ्यांच्या शाळा धर्मप्रसारासाठीच होत्या ना?" सरळ उत्तर देतो. होय, त्यासाठीच होत्या, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. पण एवढ्यावर थांबलो तर अर्धाच इतिहास हाती लागतो. उरलेला अर्धा आज सांगतो.

१८८९-९० च्या लष्करी मोहिमेनंतर लुशाई टेकड्या, म्हणजे आजचा मिझोराम, इंग्रजांच्या ताब्यात गेल्या. जानेवारी १८९४ मध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन तरुण मिशनरी ऐजॉलला पोहोचले. त्यांनी मिझो भाषा रोमन अक्षरांत बसवली, शब्द गोळा केले, बायबलचे काही भाग भाषांतरित केले. १८९७ मध्ये वेल्समधून डी. ई. जोन्स आले आणि उत्तर भागात प्रेस्बिटेरियन चर्च रुजलं. दक्षिणेत बॅप्टिस्ट. दोन्ही प्रॉटेस्टंट.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रॉटेस्टंट माणसाची श्रद्धा अशी की धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतः, आपल्या भाषेत वाचावा. मग वाचायला शिकवणं आलंच. म्हणून तिथे चर्च आणि प्राथमिक शाळा जोडीनेच उभ्या राहत. मुलगा असो की मुलगी, सरदाराचं पोर असो की गरिबाचं, पाटी सगळ्यांच्या हातात.

पण ही शाळा रिकाम्या जागी आली नव्हती. मिझो गावात आधी 'झॉलबुक' असे. अविवाहित तरुणांनी रात्री एकत्र राहायचं मोठं घर. लहान मुलांनी तिथल्या शेकोटीसाठी लाकडं गोळा करायची, मोठ्यांनी त्यांना वळण लावायचं. तिथेच 'त्लॉमंगाइहना' अंगी बाणत असे. या शब्दाचा अर्थ साधारण असा: स्वतःआधी दुसऱ्याचा विचार करायचा, आणि संकटात कुणी बोलावण्याची वाट न बघता धावायचं. आम्हा फौजींना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शाळा वाढली तसं झॉलबुक ओसरलं. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी ढोल आणि जुनी गाणीही उपासनेबाहेर ठेवली. ते नुकसानच होतं, ढोल पुढे चर्चमध्ये परत आला तरी. मात्र त्लॉमंगाइहना संपली नाही. ती शाळेच्या बाकावर येऊन बसली.

पैसा कुठून आला? १९१० च्या सुमारास मिझो बायकांनी एक रीत सुरू केली. रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढायचे. ही रीत आजही चालू आहे. आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेसाठीही बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य दिलं, त्याची आठवण होते. दोघांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. पण जी शाळा आपल्या मुठीतून उभी राहते, ती गाव परकी मानत नाही.

आता माझा अनुभव. १९८८ साली मी तरुण कॅप्टन होतो. जंगलयुद्धाच्या कोर्ससाठी वैरेंगटेला गेलो होतो. मिझो करार होऊन दोनच वर्षं झाली होती. एका रविवारी आसाम रेजिमेंटच्या मिझो हवालदाराबरोबर रस्त्याकडेच्या एका गावात गेलो. चर्चला लागून पत्र्याच्या छपराची शाळा. म्हातारे गुरुजी बाहेर बसले होते. मी वर्दीत नव्हतो, तरी चाल लपते थोडीच!

हवालदार दुभाष्या झाला. मी गुरुजींना विचारलं, "शाळा किती जुनी?" ते म्हणाले, "ही इथली १९६७ ची. आधीची वर डोंगरात होती."

१९६७ म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. बंडखोरांना रसद मिळू नये म्हणून डोंगरातली गावं उठवून रस्त्याकडेला एकत्र वसवली. पुष्कळशी जुनी गावं जाळली गेली. हुकूम वरचा होता, पण तो अंमलात आणणारी वर्दी माझीच होती. मी गप्प झालो.

गुरुजी आत गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. हजेरीपट! निघताना पाठीवर नेता येईल तेवढंच न्यायचं होतं. त्यांनी तांदूळ, भांडी आणि हा हजेरीपट घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या जागी, उघड्यावर, त्यांनी नावं पुकारली. सगळी पोरं पोहोचली की नाही, हे बघायला.

लढाईनंतर आम्हीही हेच करतो. आधी मोजणी, मग बाकी सगळं.

निघताना त्यांनी मला चहा पाजला, तोही शेजारच्या घरून दूध मागून आणून. मी कोण, ते ओळखूनसुद्धा.

२०११ च्या जनगणनेत मिझोरामची साक्षरता ९१ टक्क्यांवर होती, देशाची ७५ च्याही खाली. हा आकडा ऐकला की मला ती वही आठवते. इंदूरच्या श्रोत्यांना म्हणूनच सांगतो, शाळा कुणी आणि कशासाठी काढली, हे जरूर विचारा. पण गाव उठलं त्या दिवशी तिथल्या मास्तरांनी पाठीवर काय घेतलं, हेही विचारा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.